भालजी, बाराबंदी आणि वाचकांची पत्रं

मागच्या अंकात चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा उल्लेख मी जाता जाता केला होता, चार ओळींचा. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकबाईंनी फोन करून सांगितलं, "काका, या खेपेला स्वयंपाकघर नको, आजारपण नको, सगळं पान भालजींनाच द्या." दिलं. माझा अधिकार विचाराल तर बेताचाच. कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलो, भालजींच्या जयप्रभा स्टुडिओच्या भिंतीला लागून क्रिकेट खेळलो. वडील शिंपी, नाटक कंपन्यांचे अंगरखे शिवायचे. पुढं मी स्वतः नाटकं आणि मालिकांचे संवाद लिहून पोट भरलं. भालजींच्या हाताखाली काम केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काका, मी बावीस वर्षांची आहे. इतिहासात बी.ए. केलंय. मला ऐतिहासिक चित्रपट लिहायचे आहेत आणि दिग्दर्शितही करायचे आहेत. घरचे म्हणतात, आधी बी.एड. कर. भालजी हे सगळं कुठं शिकले? मी सुरुवात कुठून करू?
— वाचक, बार्शी

पोरी, भालजींच्या उमेदीत सिनेमाची शाळा नव्हती. कोल्हापूर हीच शाळा होती. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं इथंच १९२३ साली 'सिंहगड' काढला, कृत्रिम प्रकाशात चित्रण करून. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचं स्मारक आहे, कधी आलीस तर बघून जा. त्या कंपनीच्या आसपास जी पोरं घडली त्यांत व्ही. शांताराम होते, भालजींचे भाऊ बाबूराव पेंढारकर होते. भालजी त्याच हवेतले. १९२५ च्या बाजीराव-मस्तानीवरच्या मूकपटात त्यांचा हात होता आणि लगेच १९२६ मध्ये 'वंदे मातरम् आश्रम'. त्यात इंग्रजी शिक्षणपद्धतीवर टीका होती, म्हणून सेन्सॉरची कात्री चालली. बोलपट आले तेव्हा १९३२ चा 'श्यामसुंदर' त्यांनी दिग्दर्शित केला. शाहू मोडक आणि शांता आपटे ही दोन नावं तिथून पुढं आली आणि त्या चित्रपटानं रौप्यमहोत्सव पाहिला. म्हणजे ऐतिहासिकपटांचा माणूस म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांना बोलपटात पहिलं मोठं यश दिलं ते कृष्णाच्या गोष्टीनं. हे ध्यानात ठेव. पहिलं काम मनासारखं मिळालं नाही म्हणून रुसून बसू नकोस.

बी.एड. कर की. त्यात तोटा काहीच नाही. सोबत मोडी शीक. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे, तिथं एकदा जा आणि जुना कागद हातात धरून बघ. मग सभासदाची बखर घे. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९७ साली जिंजीला लिहिली. पातळ पुस्तक आहे, दोन दिवसांत वाचून होतं.

आता गृहपाठ देतो. पन्हाळ्याची रात्र लिही. जुलै १६६०, आषाढी पौर्णिमा, सिद्दी जौहरचा वेढा, पाऊस, पालखी, सहाशे माणसं आणि विशाळगड सुमारे साठ किलोमीटरवर. भालजींनी १९५६ साली 'पावनखिंड' काढला तो याच घटनेवर. तू फक्त पालखीच्या भोयांचा प्रसंग लिहायचा. खांद्यावर दांडा आहे, पायाखाली चिखल आहे. असा माणूस बोलेल किती? एका श्वासात किती शब्द मावतात? आमच्या मालिकांत असा भोई सव्वा पानाचं देशप्रेम बोलतो. मीही लिहिलंय तसलं, पैसे घेऊन.

दुसरी गोष्ट कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. भालजी लेखक होते, दिग्दर्शक होते आणि स्टुडिओही त्यांनाच चालवायचा होता. कागदावर 'दहा हजार घोडे दौडत येतात' असं लिहिणाऱ्यालाच उद्या घोड्यांच्या दाणा-चंदीचा हिशेब द्यायचा असला की लेखणी आपोआप शहाणी होते. मग घोडे येत नाहीत, जासूद येतो. धापा टाकत तो एकच वाक्य बोलतो आणि ते ऐकणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा राहतो. पैसे वाचतात आणि प्रसंगही चढतो. जुन्या ऐतिहासिकपटांत जासूद इतके का, हे तुला आता कळलं असेल. तू आधी दोन माणसांचा प्रसंग लिहायला शीक, फौज नंतर बघू.

भालजींबद्दल आदर आहे, पण 'थोरातांची कमळा'चं काय? संभाजीराजांच्या बदनामीला हातभार लावणारा चित्रपट त्यांनी काढला, हे तुम्ही सोयीस्करपणे विसरलात.
— निवृत्त शिक्षक, सातारा

विसरलो नाही गुरुजी, जागा पुरली नव्हती. तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तारखा समोर ठेवून बघू.

चित्रपट १९४१ चा. संभाजीराजे गेले १६८९ साली. त्यांच्याविषयी ज्या कथा घराघरांत गेल्या, त्यांचा एक मोठा उगम मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ती शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आणि संभाजीराजांवर मुळातच खप्पामर्जी असलेली. नाटककारांनी ती उचलली. गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं 'राजसंन्यास' आठवा. त्यामुळं १९४१ चा प्रेक्षक थिएटरात शिरला तेव्हा त्याच्या डोक्यात संभाजी आधीच रंगवून तयार होता. वा. सी. बेंद्र्यांनी आयुष्य खर्चून लिहिलेलं चरित्र आलं १९६० मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर एकोणीस वर्षांनी. कमल गोखल्यांचा ग्रंथ त्यानंतरचा. संभाजीराजे आणि थोरातांची कमळा यांच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही, हे या मंडळींनी दाखवून दिलं.

म्हणून भालजी सुटले का? माझ्या मते नाही. आधार नव्हता तर 'ही दंतकथा आहे' एवढी पाटी पडद्यावर टाकता आली असती. पण तेव्हा कीर्तनकार, शाहीर, नाटककार आणि चित्रपटवाला हे सगळे एकाच आडाचं पाणी शेंदत होते, आणि त्या पाण्याला वास येतोय असं कुणी म्हणायचं होतं. आज मात्र ही सबब कुणालाच नाही. कागद छापलेले आहेत, मोबाइलवर आहेत. तरी परवा एका मालिकेच्या बैठकीत मला सांगण्यात आलं, "सर, इतिहास नंतर बघू, आधी लव्ह ट्रॅक सांगा." मी चहा पिऊन घरी आलो.

'अखेरचा हा तुला दंडवत' या गाण्याचे गीतकार 'योगेश' असं रेडिओवर सांगतात. हे कोण? हिंदीतले योगेश का?
— वाचक, मडगाव

नाही ताई, हिंदीतले योगेश वेगळे. हे योगेश म्हणजे खुद्द भालजी, टोपणनावानं. चित्रपट १९६४ चा 'मराठा तितुका मेळवावा'. शीर्षक समर्थ रामदासांच्या ओळीतलं. गंमत अशी की त्या गाण्यात दोघं टोपणनावाआड बसलेत. गीतकार योगेश म्हणजे भालजी आणि संगीतकार आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. त्याच चित्रपटातली 'शूर आम्ही सरदार' आणि 'मराठी पाऊल पडते पुढे' मात्र शांता शेळक्यांची आहेत. एकदा सगळी गाणी ओळीनं ऐका. शांताबाईंची गाणी चालीवर चालतात, कदम टाकत. भालजींचं गाणं उंबऱ्यात उभं राहून मागं बघतं. पटकथा लिहिणाऱ्याला गाणं कुठं थांबवायचं ते ठाऊक असतं, असं मला ते ऐकताना दर वेळी वाटतं.

शिवकाळातली माणसं खरंच अशी टाळ्याखाऊ वाक्यं बोलत होती का? आणि इतकी संस्कृतप्रचुर? मी संगणकक्षेत्रातला आहे, मला हे खोटं वाटतं.
— वाचक, पिंपरी

खोटं आहेच. मुद्दा एवढाच की ते खोटं कशासाठी उभं केलंय.

आधी भाषेचं. सतराव्या शतकातली दरबारी मराठी फारसीनं भरलेली होती. जुनी पत्रं वाचायला घेतलीत तर पहिल्या दोन ओळींत अडाल. फौज, हुकूम, किल्ला, मोर्चा, खंदक, अर्ज, हे शब्द आपण अजून वापरतो ते तिथलेच. पदं बघा: सरनोबत, मुजुमदार, सुरनीस, डबीर. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी ती बदलून सेनापती, अमात्य, सचिव, सुमंत अशी केली आणि रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा. म्हणजे भाषा शुद्ध करण्याची हौस आपल्या काळातली, असंही म्हणता येत नाही. पण फर्मान काढून मावळ्याच्या तोंडातला शब्द जात नाही. सेनापती कागदावर झाला असेल, चुलीपाशी बरीच वर्षं सरनोबतच असणार. चित्रपटातला मावळा 'आज्ञा' म्हणतो तेव्हा तो पन्हाळ्यावरचा राहत नाही, रंगभूमीवरचा होतो.

आता टाळ्यांचं. मी 'मराठा तितुका मेळवावा' पहिल्यांदा पाहिला तो जत्रेत, तंबूत. पडदा कापडी, वाऱ्यानं फुगायचा. बाहेर इंजिनाची फटफट, आत प्रोजेक्टरची करकर, कर्णा एकच. पुढं जमिनीवर बायापोरं, मागं उभे गडी. आम्ही तर पैसे वाचवायला पडद्याच्या मागल्या अंगाला बसलो होतो, त्यामुळं सगळे मावळे आम्हाला डावखुरे दिसले. त्या गलक्यात कुजबुजीचा संवाद मेला असता. वाक्य छोटं लागायचं, ठोक्याचं लागायचं आणि वजन शेवटच्या शब्दावर लागायचं, कारण पहिले दोन शब्द कुणाच्या तरी पोराच्या रडण्यात जायचेच. ज्याला तुम्ही टाळ्याखाऊ म्हणता ते वाक्य मला त्या तंबूच्या मापानं बेतलेलं वाटतं. आमचे वडील अंगरखा शिवताना काखेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, घालायचे. उभ्या माणसाला ती दिसत नाही, पण हात तलवारीला वर गेला की कळीवाचून शिवण उसवते. संवादालाही अशी कळी लागते.

आणि तो संवाद बोलणारा माणूसही घडवावा लागतो. सुलोचनाबाईंचं उदाहरण घ्या. सीमेकडच्या खडकलाट गावातून त्या आल्या. सुरुवातीला आपल्या बोलण्याला लोक हसायचे आणि जयप्रभात भालजींनी वाचनाची, उच्चारांची मेहनत करून घेतली, हे त्या पुढं आदरानं सांगत. १९४६ च्या 'सासुरवास'पासून त्या दिसू लागल्या आणि 'मराठा तितुका मेळवावा'त त्याच जिजाबाई. त्यांच्या जिजाऊंचा आवाज कुठंही चढत नाही. टाळ्याखाऊ म्हणून सगळ्यांना एका टोपलीत घालू नका, एवढी विनंती.

माझं एक पाप कबूल करतो. एका नाटकात मी शिवकालीन पहारेकऱ्याला वाक्य दिलं होतं, "दोन मिनिटांत वर्दी देतो." लेखक मी, दिग्दर्शकानं वाचलेलं, नटानं पाठ केलेलं. कुणालाच खटकलं नाही. रंगीत तालमीला आमचे रंगभूषाकार मिशी चिकटवता चिकटवता म्हणाले, "पाव्हणं, मिनिटं कुणाच्या घड्याळातली?" घटका आणि पळं सोडून मी सरळ मनगटी घड्याळ बांधलं होतं गड्याला. तेव्हापासून लिहून झालं की एकदा फक्त वेळेचे, मापाचे आणि खाण्याचे शब्द तपासतो. चहा, बटाटा, साबुदाणा. हे तीन तर हमखास घुसतात.

माझी आजी म्हणते, जयप्रभा जाळला तेव्हा तिनं तिच्या माडीवरून आग पाहिली. भालजींचा तयार चित्रपट जळाला आणि त्यांनी तो परत काढला, हे खरं का? जाळला का?
— वाचक, कागल

आजींनी पाहिलं असेल. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण निघाला आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं, दुकानं, कारखाने पेटवले गेले. कोल्हापूर त्यात होतं. भालजींची हिंदुत्वाच्या विचारांशी जवळीक गावाला माहीत होती, जात तर माहीत होतीच. स्टुडिओ पेटला.

हा स्टुडिओ काही साधा नव्हता. राजाराम महाराजांच्या पाठबळानं १९३३-३४ च्या सुमारास कोल्हापूर सिनेटोन म्हणून तो उभा राहिला आणि पुढं भालजींकडे येऊन जयप्रभा झाला. 'महारथी कर्ण', 'वाल्मीकी' हे हिंदी चित्रपट त्यांनी केले ते आगीच्या आधीच्या चारेक वर्षांत. पृथ्वीराज कपूर त्यात कर्ण होते, वाल्मीकीही होते, आणि कोवळा राज कपूर 'वाल्मीकी'त नारद होता. सांगायचं हे, की आग लागली तेव्हा स्टुडिओ चालता होता, लयाला गेलेला नव्हता.

आणि तेव्हाची फिल्म नायट्रेटची. ती एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही, ज्वलनाला लागणारा प्राणवायू तिच्या पोटातच असतो. डब्यात चित्रपट होते म्हणा की सरपण होतं म्हणा. 'मीठभाकर' त्यात गेला. तो त्यांनी पुन्हा उभा केला आणि १९४९ साली पडद्यावर आणला. संहिता डोक्यात असली तरी नटांचे चेहरे, ऋतू, पैसा आणि गावावरचा विश्वास हे सगळं परत गोळा करायचं होतं, त्याच गावात. १९५२ मध्ये 'छत्रपती शिवाजी' आला, मराठी आणि हिंदी दोन्हींत, चंद्रकांत मांडरे शिवाजी महाराजांच्या भूमिकेत.

माझ्या वडिलांना हा विषय काढलेला आवडायचा नाही. पेठेत जाळणारेही राहत होते आणि ज्यांचं जळलं तेही. दोघांचे अंगरखे आमच्याच दुकानात यायचे. वडील माप घ्यायचे आणि गप्प राहायचे.

हे सगळं पुन्हा उभं करताना झालेलं कर्ज काही सुटलं नाही. स्टुडिओ पुढं लता मंगेशकरांकडे गेला, पण भालजींचं काम चालू राहिलं. 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं' (१९६५), 'तांबडी माती' (१९६९), या चारही चित्रपटांना संगीत आनंदघनचं. आजींना माझा नमस्कार सांगा. त्या काय काय पाहिलं ते सांगत असतील तर लिहून घ्या, आणि हे काम या आठवड्यातच करा.

भालजींचा एकच चित्रपट बघायचा तर कोणता? इकडं मुलांना दाखवायचा आहे, मराठी समजतं पण ऐतिहासिक जड जातं.
— वाचक, टोरांटो

'साधी माणसं' दाखवा. ऐतिहासिक नाहीच तो. लोहार नवरा-बायको, भाता, ऐरण. सूर्यकांत आणि जयश्री गडकर. 'ऐरणीच्या देवा तुला' हे जगदीश खेबुडकरांचं गाणं मुलांना ऐकून माहीत असेल, आता ते भात्यासमोर बघतील. तलवारी, तुताऱ्या, दरबार यांतलं काहीही हाताशी नसताना भालजी काय करत, हे यात दिसतं. मी तर म्हणतो, ऐतिहासिकपटवाल्याची परीक्षा अशाच चित्रपटात होते. मुलं टिकली तर पुढच्या रविवारी 'मराठा तितुका मेळवावा'.

आजचे व्हीएफएक्सवाले चित्रपट हजारपट भव्य असतात. तुम्ही जुन्याचं कौतुक किती दिवस करणार?
— वाचक, नाशिक

अजून थोडे दिवस. वय झालंय, सांभाळून घ्या.

भालजींना पुरस्कार फार उशिरा मिळाला असं ऐकलं. किती वर्षं काम केलं त्यांनी?
— वाचक, परभणी

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरुवात. १९३९ चा 'नेताजी पालकर', १९४३ चा 'बहिर्जी नाईक', आणि १९८१ मध्ये 'गनिमी कावा'. तेव्हा ऐंशी ओलांडलेली होती. मूकपट, बोलपट, रंगीत चित्रपट, तिन्ही पाहिले. दादासाहेब फाळके पुरस्कार १९९१ चा, वय नव्वदीपार. २६ नोव्हेंबर १९९४ ला गेले. सिनेमातली माणसं त्यांना 'बाबा' म्हणायची. उशीर झालाच, नाही कशाला म्हणू. पण दादा कोंडक्यांना 'तांबडी माती'त पहिल्यांदा पडद्यावर आणणारा माणूस हाच, हे कळलं की लोक आजही दचकतात. त्यांना भालजी फक्त घोड्यावर बसलेले ठाऊक असतात.

आजोबा, जुन्या नाटकात तलवारी खऱ्या होत्या का? मी तिसरीत आहे.
— वाचक, वाई

चित्रपटातल्या सगळ्याच तलवारींचं मला माहीत नाही बाळा, पण वडील ज्या नाटक कंपन्यांचे कपडे शिवायचे तिथल्या बहुतेक लाकडी होत्या. वर चंदेरी कागद चिकटवलेला. घामानं तो निघायचा, मग दर प्रयोगाआधी खळ लावून परत चिकटवायचा. ते काम माझ्याकडे होतं. एका तलवारीचे दहा पैसे मिळायचे. खणखणाट आतून यायचा, विंगेत एक माणूस दोन लोखंडी पट्ट्या घेऊन उभा असायचा आणि स्टेजवर तलवार तलवारीला लागली की तो पट्ट्या वाजवायचा. एकदा तो चहा प्यायला गेला आणि अफजलखानाच्या सय्यद बंडाची आणि जिवा महालाची लढाई अगदी बिनआवाजी झाली. प्रेक्षक पोट धरून हसले. जिवा महाला मात्र शेवटपर्यंत तोंडानं 'खण्ण, खण्ण' करत लढला.